चारशे कोटी पेशी, तीन चुका

आपलं मोठं आतडं जेमतेम दीड मीटर लांब. पण त्याच्या अस्तरात क्रिप्ट नावाचे सुमारे १ कोटी सूक्ष्म खळगे असतात आणि एकेका खळग्यात दोनेक हजार पेशी. म्हणजे २,००० कोटी पेशी झाल्या. हे अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं होतं. हिशेब मांडला तर रोज ४०० कोटींच्या घरात पेशी गळतात आणि तेवढ्याच नव्या तयार होतात. प्रत्येक नव्या पेशीसाठी डीएनएची ६०० कोटी अक्षरं पुन्हा उतरवून काढावी लागतात.

एवढ्या नकलांत चुका राहणारच. नक्कल करताना साधारण लाखात एक अक्षर चुकतं. ते तिथल्या तिथे तपासलं जातं, मग दुरुस्ती करणारी प्रथिनं पुन्हा हात फिरवतात. शेवटी चूक उरते ती १०० कोटी अक्षरांत एखादी, किंवा त्याहूनही कमी. तरीही खळग्याच्या तळाशी असलेल्या मूलपेशीत वर्षाला सुमारे ४० बदल साठत जातात. साठीपर्यंत दोन हजारांवर. केंब्रिजजवळच्या सँगर इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी निरोगी आतड्यातले खळगे एकेक करून तपासले. २०१९मध्ये त्यांनी सांगितलं, की मध्यमवयीन माणसाच्या सुमारे १ टक्का खळग्यांत कॅन्सरकडे नेणारा एखादा बदल आधीच झालेला असतो. १ कोटीचा १ टक्का म्हणजे १ लाख! मग बहुतेकांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर होत कसा नाही?

याचं उत्तर बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या बर्ट व्होगेलस्टाइन यांच्या कामात सापडतं. पदवी गणिताची, पुढे बालरोगतज्ज्ञ, मग संशोधक. त्यांनी मोठं आतडं निवडलं, कारण इथे बारीक पॉलिप (अस्तरावर उगवणारी साधी गाठ), मोठा पॉलिप आणि कॅन्सर अशा सगळ्या पायऱ्यांचे नमुने हाती लागतात. १९९०मध्ये एरिक फिअरन यांच्यासोबत त्यांनी मांडलं, की हा कॅन्सर एका फटक्यात होत नाही, तो पायरी-पायरीने घडतो. बहुधा आधी एपीसी जनुक बिघडतं, मग केरास, पुढे पी-५३.

यातला एकेक बदल किती छोटा असतो पाहा. केरासमध्ये एका ठिकाणी जीजीटी ही तीन अक्षरं असतात. मधल्या जीच्या जागी ए आला, की पेशीला ‘विभाजित हो’ म्हणून सांगणारं प्रथिन बंदच होत नाही. एपीसीतली ठरावीक पाच अक्षरं जन्मतःच गळालेली असतील, तर तरुण वयातच आतड्यात शेकडो, कधी हजारो पॉलिप उगवतात.

गाठीत बदललेली जनुकं डझनावारी सापडतात, पण बहुतेक बदल नुसते सोबत आलेले असतात. क्रिस्तियन तोमासेत्ती आणि व्होगेलस्टाइन यांच्या गटाने २०१५मध्ये दाखवलं, की खऱ्या अर्थाने कॅन्सर घडवायला जनुकांतले तीन बदल पुरेसे होतात. पण ते तिन्ही एकाच पेशीच्या वंशात जमून यावे लागतात. लाखभर खळगे पहिल्याच पायरीवर अडून राहतात ते यामुळेच.

शिवाय या प्रवासाला वेळ लागतो. हॉपकिन्सच्याच २००८च्या गणितानुसार मोठ्या पण साध्या गाठीचा पुढे गेलेला कॅन्सर व्हायला सुमारे १७ वर्षं लागतात. त्यानंतर शरीरभर पसरण्याची ताकद मात्र दोन वर्षांच्या आत येते.

२०२२मध्ये जगात या कॅन्सरचे १९ लाखांवर नवे रुग्ण आढळले आणि ९ लाखांवर माणसं दगावली. म्हणून या सगळ्या आकड्यांतला १७ हा आकडा मला सर्वांत मोलाचा वाटतो. या काळात कोलोनोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीने केलेल्या आतड्याच्या तपासणीत, पॉलिप दिसला, तर तो त्याच वेळी काढून टाकता येतो आणि त्याचा कॅन्सर होण्याची शक्यताच संपते. आपल्याकडे शौचातून रक्त गेलं तर ‘मूळव्याध असेल’ म्हणून माणसं महिनोन् महिने अंगावर काढतात. तसं करू नका. घरात कुणाला हा आजार झाला असेल तर काही त्रास नसतानाही डॉक्टरांना विचारा. निसर्गाने दिलेली ही मुदत संकोचापायी वाया घालवणं कुणालाच परवडणारं नाही.