नसलेली पेशी शोधताना

साबुदाण्याच्या दाण्याएवढा तुकडा खारट पाण्याने ओल्या केलेल्या गॉझवर ठेवून आमच्या हिस्टोपॅथॉलॉजीच्या खिडकीवर येतो. सोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं: नवजात, पोट फुगलेलं, 48 तासांत शी नाही. आणि प्रश्न एकच, गँग्लियन पेशी आहेत का?

गर्भात या चेतापेशी आतड्यातून वरून खाली सरकत गुदाशयापर्यंत पोचतात. काही बाळांत त्या वाटेतच थांबतात. पुढचा भाग मग सैल पडतच नाही, कायम आवळलेला राहतो आणि त्याच्या वरचं आतडं फुगत जातं. डेन्मार्कच्या हॅराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी 1886 मध्ये बर्लिनला अशा दोन बाळांची हकिगत मांडली. फुगलेला भागच रोगट, अशी समजूत त्यानंतर बराच काळ टिकली. खरा दोष मात्र खालच्या, वरकरणी साध्या दिसणाऱ्या अरुंद भागात होता. साधारण पाच हजार जन्मांमागे एका बाळाला हा आजार होतो.

गँग्लियन पेशी ‘आहे’ म्हणायला एक खात्रीची पेशी पुरते. ‘नाही’ म्हणायला डझनावारी काप पाहावे लागतात. नेहमीच्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिनच्या रंगात केंद्रकं निळी आणि बाकीचं गुलाबी दिसतं. पण नवजात बाळाची गँग्लियन पेशी अजून कच्ची, लहानखुरी असते. लिम्फोसाइट किंवा रक्तवाहिनीच्या अस्तराची पेशी तिचं सोंग सहज घेते. सगळे काप पाहून झाल्यावरही मन खात्री देत नाही.

म्हणून तुकड्याचा एक भाग फॉर्मलिनमध्ये न टाकता गोठवायचा. क्रायोस्टॅटच्या उणे 20 अंशांच्या पेटीत काप घ्यायचे आणि ते अॅसिटिलथायोकोलिन, तांब्याचा क्षार आणि पोटॅशियम फेरिसायनाइड असलेल्या द्रावणात 37 अंशांवर ठेवायचे. गँग्लियन नसलेल्या भागात बाहेरून येणारे चेतातंतू माजलेले असतात आणि त्यांत कोलिनेस्टरेज हे विकर भरपूर असतं. ते द्रावणातला पदार्थ फोडतं आणि जिथे फोडतं तिथेच तपकिरी साका बसतो. निरोगी तुकड्यात तुरळक बारीक धागे दिसतात. रोगट तुकड्यात जाडसर तपकिरी तंतू स्नायूच्या पातळ थरातून वर चढत थेट ग्रंथींच्या मधे शिरलेले असतात. हे दृश्य एकदा पाहिलं की विसरत नाही. मात्र ही पद्धत लहरी आहे. तुकड्यात रक्तस्राव झाला असेल तर तांबड्या पेशींतलं हेच विकर सगळं चित्र गढूळ करतं. पहिल्या काही आठवड्यांच्या बाळात रंग फिका पडू शकतो, आणि संपूर्ण मोठं आतडंच बाधित असेल तर कधी कधी दगाही देतो.

दुसरी चाचणी कॅलरेटिनिनची; ती याच्या उलट वागते. हे प्रथिन गँग्लियन पेशींत आणि त्यांच्या बारीक तंतूंत असतं. निरोगी श्लेष्मल थरात तपकिरी कणीदार धागे दिसतात, रोगात ते अजिबात दिसत नाहीत. काप मेणातले चालतात, गोठवण्याची कटकट नाही. पण कोरी स्लाइड पाहिली की पहिली शंका येते, रंग तरी नीट चढलाय ना? तिथे मास्ट पेशी कामी येतात. त्याही हा रंग घेतात; त्या तपकिरी दिसल्या म्हणजे रंग चढलाय, धागेच नाहीत. एकच चाचणी परवडत असेल तर मी कॅलरेटिनिन निवडेन.

कुठलाही रंग चुकीच्या जागेचा तुकडा सुधारू शकत नाही. गुदद्वाराच्या अगदी लगत निरोगी बाळातही गँग्लियन पेशी विरळच असतात. म्हणून तुकडा गुदमार्गातल्या डेंटेट रेषेच्या दोन-तीन सेंटिमीटर वरून घ्यावा लागतो आणि त्यात श्लेष्मल थराखालचा थर पुरेसा यावा लागतो. तो नसेल तर ‘पुन्हा पाठवा’ एवढंच आम्ही लिहितो. आईवडिलांना तो रिपोर्ट फार जड जातो, पण नाइलाज असतो.

घरात बाळ जन्मलं तर त्याने पहिली काळी शी कधी केली, हे डिस्चार्जपूर्वी नक्की विचारा. दोन दिवस उलटूनही झाली नसेल तर घुटी-एरंडेलाच्या नादी न लागता बालशल्यचिकित्सकाकडे न्या.