फ्यूज खिशात असायचा तेव्हा

21 नोव्हेंबर 2025 ला 1948 चा कारखाने अधिनियम संपला. आणखी बारा कायद्यांसह तो व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत गेला. रायपूरमधल्या तेलीबांधा तलावाच्या ज्या काठाला आता सगळे मरीन ड्राइव्ह म्हणतात, तिथे संध्याकाळी जमणाऱ्या आमच्या मराठी मंडळींनी बातमीचं स्वागत केलं. ‘इन्स्पेक्टरची कटकट गेली,’ यावर एकमत झालं. एकमत करणाऱ्यांत कुणाच्याही हाताचं बोट कमी नव्हतं.

मी सिलतऱ्याच्या एका रोलिंग मिलमध्ये मेंटेनन्स सांभाळला. त्या मिलचं नाव घेत नाही. शेजारच्या मिलमध्येही वेगळं काही नव्हतं.

कारखाने अधिनियमाची पहिली पन्नास वर्षं भरभर उरकू. 4 मार्च 1966 ला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, 1972 पासून तो दिवस सुरक्षा दिन झाला. बिल्ले, शपथ, घोषवाक्य स्पर्धा. पहिलं बक्षीस बहुधा हिशेब खात्याला. थांबावं अशी एकच गोष्ट आहे. 1976 च्या दुरुस्तीने कलम 24 मध्ये भर पडली: बंद केलेला स्विच चुकून चालू होण्याची शक्यता असेल, तर तो बंद स्थितीत कुलूपबंद करण्याची सोय असलीच पाहिजे. अमेरिकेने कुलूप आणि पाटीचा आपला गाजलेला नियम केला 1989 मध्ये. आपण तेरा वर्षं पुढे होतो. कुलूप तेवढं आणायचं राहून गेलं.

1 नोव्हेंबर 2000 ला छत्तीसगड राज्य झालं आणि उरला-सिलतऱ्यात स्पंज आयर्न, इंडक्शन फर्नेस आणि रोलिंग मिल यांचं पेव फुटलं. माझी उमेदीची वर्षं त्यातच गेली. आमच्यातले जुने फिटर एक सवय घेऊन आले होते. मोटरवर काम असलं की पॅनेलमधले तिन्ही फ्यूज काढायचे आणि खिशात टाकायचे. मालक येवो की मॅनेजर, काम संपून हत्यारं मोजून झाल्याशिवाय फ्यूज परत नाही. कायद्याचं कलम त्यांना माहीत नव्हतं. ते पाळत मात्र तेच होते.

मग नवे पॅनेल आले. फ्यूजच्या जागी ब्रेकर, आणि मिल सुरू करणारा माणूस दूर, काचेच्या पल्पिटमध्ये, म्हणजे नियंत्रण-खोलीत. खिशातला फ्यूज गेला आणि त्याच्या जागी तारेने अडकवलेला पुठ्ठा आला. पुष्कळदा तोही नसे, नुसती आरोळी: ‘चालू झन करबे!’ (चालू करू नको!) मिलच्या आवाजात ती पल्पिटपर्यंत कशी पोचणार?

मी पाहिलेली बहुतेक बोटं माल लाटताना गेलेली नाहीत. ती गेली मशीन ‘बंद’ असताना. पट्टा चढवताना पुली हाताने फिरवली, पट्ट्याबरोबर बोटं आत. कपलिंगची भोकं जुळली का, हे पाहायला पोलादी पिन असते, पण फिटरने करंगळी घातली आणि तेवढ्यात चेन ब्लॉक अर्धा इंच सरकला. घणाचा पाना हेल्परने हाताने धरला आणि घण घसरला. पान्याला दोरी किंवा लांब दांडा लावला की हात लांब राहतो. हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. अंगठी, कडं, मनगटावरचा धागा यांनी तर कातडीसकट बोट सोललेलं पाहिलंय. हातमोजे वाटून फोटो काढणाऱ्यांना हेही सांगायला हवं की फिरत्या ड्रिलजवळ सुती मोजा हात वाचवत नाही, आत ओढतो.

त्याच जुन्या कायद्याचं कलम 22 तपशिलात शिरायचं. चालत्या यंत्राची तपासणी करायची तर खास प्रशिक्षण घेतलेला, नोंदवहीत नाव असलेला प्रौढ कामगार हवा आणि अंगाला घट्ट बसणारे कपडे मालकाने पुरवलेले हवेत. पट्ट्याला हात लावायचा तर पट्टा 15 सेंटिमीटरपेक्षा रुंद नको. कुणीतरी हाताचा विचार करून हे लिहिलं होतं. आमच्याकडे नोंदवही होती. तिच्यात ठेकेदाराच्या हेल्परांची नावं नव्हती आणि हात त्यांचेच आत असत.

गेटवर ‘अपघाताविना इतके दिवस’ हा फळा होता. तो आकडा राखण्यासाठी बँडेज बांधलेल्या पोराला दुसऱ्या दिवशी टाइम ऑफिसात आणून बसवायचे, म्हणजे तो ‘कामावर’. माझा सर्वात जुना राग त्या फळ्यावर आहे.

भरपाईचंही सांगतो. कामगार भरपाई कायद्याच्या अनुसूचीत अंगठा गेला तर कमाईची क्षमता 30 टक्के गेली असं धरत, तर्जनी 14 टक्के, करंगळी 7. 2010 पर्यंत महिन्याची मजुरी कितीही असो, हिशेबाला जास्तीत जास्त 4,000 रुपये धरत. पंचवीस वर्षांच्या फिटरची अख्खी तर्जनी म्हणजे सुमारे 73,000 रुपये. तेही प्रकरण दाखल झालं तर.

नव्या संहितेत वीज वापरणारा ‘कारखाना’ ठरायला दहाऐवजी वीस कामगार लागतात. इन्स्पेक्टर आता ‘निरीक्षक-नि-सुविधाकार’ झाला आहे आणि पट्टा-पुलीचे बारकावे कायद्यातून निघून नियम-मानकांच्या हवाली गेले आहेत. दहा किंवा अधिक कामगारांची आस्थापना म्हणून संहिता लागू राहते, हे खरं. पण बोटं जातात ती अशाच पंधरा माणसांच्या शेडमध्ये. हरियाणात आणि पुढे महाराष्ट्रातही वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांतले जखमी कामगार शोधणाऱ्या ‘सेफ इन इंडिया’चे ‘क्रश्ड’ अहवाल 2019 पासून येत आहेत. पॉवर प्रेसखाली गेलेल्या बोटांनी ते भरलेले आहेत. मोठ्या ब्रँडच्या गाड्यांचे भाग, छोट्या शेडमधली बोटं.

तलावाकाठच्या माझ्या मित्रांपैकी ज्यांच्या अजून शेड आहेत, त्यांना आणि तुमच्यापैकी कुणाची असेल तर तुम्हालाही एवढंच सांगणं आहे: फिटर जितके, तितकी कुलपं आणा. दोघं काम करत असतील तर स्विचवर दोन कुलपं लागू द्या. किल्ली ज्याची त्याच्या खिशात राहू द्या, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नको. आणि कुलूप लावल्यावर स्टार्टचं बटन एकदा दाबून पाहा, मगच हात आत घालू द्या.