बुरुजातलं मीठ

व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूजच्या मरिनर्स म्युझियममध्ये मी गेलो तो 'मॉनिटर' या युद्धनौकेच्या तोफा पाहायला. रेंगाळलो मात्र टाकीपाशी. सुमारे 3 लाख 40 हजार लिटरच्या या टाकीत जहाजाचा 120 टनी फिरता बुरूज अल्कलीच्या द्रावणात मुरत पडलाय.

इतिहास माहितीफलकांवर आहेच. अमेरिकी यादवी युद्धात जॉन एरिक्सन यांनी उत्तरेसाठी हे चिलखती जहाज आखलं. 9 मार्च 1862 ला हॅम्प्टन रोड्समध्ये दक्षिणेच्या 'व्हर्जिनिया'शी त्याची निकाल न लागलेली झुंज झाली. त्याच वर्षीच्या 31 डिसेंबरला केप हॅटरासजवळच्या वादळात ते 16 जणांसह बुडालं. 1973 मध्ये सुमारे 70 मीटर खोलीवर सापडलं, आणि ऑगस्ट 2002 मध्ये बुरूज वर आला. आत दोन खलाशांचे सांगाडे होते. ओळख पटली नाही. 2013 मध्ये आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांचं दफन झालं.

समुद्रातून निघालेलं लोखंड लोखंडासारखं दिसत नाही. गंज, वाळू, शिंपले यांचं दगडासारखं कवच त्याच्यावर चढतं. आत काय आहे ते बाहेरून कळत नाही, म्हणून आधी एक्स-रे काढतात. कधी आतलं लोखंड पार विरघळून गेलेलं असतं, उरतो फक्त पोकळ साचा. मग त्यात इपॉक्सी ओतून हरवलेल्या वस्तूचा आकार परत मिळवतात.

शिवाय लोखंडाच्या जाती वेगळ्या, मोडण्याच्या तऱ्हाही वेगळ्या. बुरूज घडीव लोखंडाचा: एकेक इंच जाडीच्या पत्र्यांचे आठ थर. घडीव लोखंडात मळीचे धागे असतात. गंज त्यांच्या कडेनं शिरतो आणि धातू लाकडासारखा रेषारेषांनी उकलतो. तोफा ओतीव लोखंडाच्या, म्हणजे बिडाच्या. ते जास्त फसवं. लोखंड निघून जातं, ग्राफाइटची जाळी जागच्या जागी राहते. आकार शाबूत, धारही शाबूत. पण वरचा थर चाकूनं कापता येईल इतका मऊ.

खरा शत्रू गंज नव्हे, मीठ. समुद्राच्या पाण्यातले क्लोराइड सुमारे 140 वर्षांत धातूच्या खोल छिद्रांत जाऊन बसले आहेत. पाण्याखाली प्राणवायू कमी, म्हणून तिथे ते निवांत असतात. वस्तू हवेत सुकली की लोखंडाचे क्लोराइड ओलावा ओढतात, आम्ल तयार होतं, पृष्ठभागावर तांबूस थेंब फुटतात आणि पापुद्रे सुटू लागतात. कोकणातल्या खिडक्यांचे गज ज्यांनी पाहिलेत त्यांना हे निराळं सांगायला नको. फरक इतकाच की इथलं मीठ आतून बाहेर येतं.

त्यावरचा उपाय दिसायला साधा आहे. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात लोखंड नव्यानं गंजत नाही. वस्तूला ऋण ध्रुव करून भोवती धन ध्रुवाच्या जाळ्या लावतात आणि मंद डीसी प्रवाह सोडतात. क्लोराइड धातूतून हळूहळू द्रावणात उतरतात. ठरावीक काळानं नमुने तपासतात. द्रावणातल्या क्लोराइडचं प्रमाण वाढायचं थांबलं की टाकी रिकामी करून नवं द्रावण भरतात. कवच खरवडायला टाकी उपसतात तेव्हाही बुरूज सुकू द्यायचा नाही, फवारे चालू ठेवायचे. बुडताना जहाज उलटलं, बुरूज सुटला आणि तळाशी उलटाच रुतला. टाकीतही तो तसाच उतरवावा लागला. संवर्धक त्या उलट्या तळघरात वाकून काम करतात. मला त्यांचा हेवा अजिबात वाटला नाही.

आठ थरांच्या मधल्या फटींतून मीठ सर्वांत उशिरा निघतं. थर सुटे करावेत, तर 'व्हर्जिनिया'च्या गोळ्यांनी पाडलेले पोचे आणि मूळ जोडणी दोन्ही धोक्यात येणार. जिथे लोखंडाला लागून लाकूड वा लोकर आहे तिथे आणखी पेच, कारण लोखंडाला मानवणारा अल्कली त्यांना मारक. पैशाचं तर विचारूच नका: संघराज्य सरकारचा निधी आटला म्हणून 2014 मध्ये प्रयोगशाळा काही काळ बंद होती. जहाज उचलताना कॅमेरे असतात, राजकारणी असतात. मीठ काढण्याच्या पुढच्या वीस वर्षांना तसे प्रेक्षक मिळत नाहीत. म्हणूनच आता बरेच पुरातत्त्वज्ञ, निधीची हमी नसेल तर लोखंड तळाशीच राहू द्या, असं म्हणतात. मला ते पटतं. 'मॉनिटर'च्या बुरुजाला मात्र तो पर्याय उरलेला नाही. मीठ निघाल्यावर सुकवणं, लेप देणं, मग दालनातली हवा कायम कोरडी ठेवणं, आणि त्या यंत्रणेचं वीजबिल दरमहा भरणं.