प्रिंटिंग फ्रेम कशी निवडाल?

माझ्या आजोळच्या मंडळींचे एक जुने निगेटिव्ह माझ्याजवळ आहे. त्यावरून मी एकदा कॉन्टॅक्ट प्रिंट काढली. कडेचे चेहरे स्पष्ट उमटले, पण मधली आजी धूसर! कॅमेऱ्याचाच दोष, असे मला वाटले. भिंगातून पाहिले, तर निगेटिव्हमध्ये आजीही तितकीच रेखीव होती. मग दोष कोठे? तो होता प्रिंटिंग फ्रेममध्ये.

या फ्रेममध्ये पुढे काच, काचेमागे निगेटिव्ह, त्यामागे प्रकाशसंवेदी कागद आणि शेवटी पाठफळी असते. निगेटिव्हची मंद बाजू कागदाकडे ठेवून स्प्रिंगच्या पट्ट्यांनी हे सारे घट्ट दाबायचे असते. निगेटिव्ह व कागद यांत फट राहिली, तर काय होईल? दिवा म्हणजे काही बिंदू नव्हे. म्हणून छायेला धूसर कड येते. समरूप त्रिकोण आठवा. फटीला दिव्याच्या रुंदीने गुणून दिव्याच्या अंतराने भागले, की कडेची रुंदी मिळते. ६ सें.मी. रुंदीचा दुधी बल्ब ६० सें.मी. अंतरावर असेल आणि फट १ मि.मी. असेल, तर कड ०.१ मि.मी. येईल. बारकाईने पाहणाऱ्या डोळ्याला ती जाणवते. थेट उन्हात तीच कड सुमारे ०.०१ मि.मी. भरेल, ढगाळ आकाशाखाली मात्र सर्व बाजूंनी प्रकाश येत असल्याने ती फटीएवढीही होऊ शकते!

आता फ्रेम निवडणे सोपे आहे. काच सपाट आणि बिनचरे असावी. फ्रेम निगेटिव्हपेक्षा थोडीच मोठी घ्यावी; फार मोठी काच दाबाने मध्यभागी वाकते. स्प्रिंगचा दाब सर्वत्र सारखा पसरावा म्हणून पाठफळीला मऊ नमदा हवा. जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेल्या सायनोटाइप पद्धतीत चित्र उन्हातच उमटू लागते. त्यासाठी बिजागरीने जोडलेली दुभागी पाठफळी घ्यावी. एक भाग उघडून चित्र पाहता येते आणि दुसऱ्या भागाखाली कागद जागचा हलत नाही. ब्रोमाइड कागदावरील चित्र डेव्हलपरमध्येच दिसते. तेथे अखंड फळी चालते.

मौल्यवान निगेटिव्ह ठेवण्यापूर्वी बारीक जाळीच्या कापडाची प्रिंट काढून पाहा. जाळी जेथे धूसर, तेथे दाब कमी.

माझ्या फ्रेमची पाठफळी मध्यभागी खोलगट झाली होती. तिला नमद्याचा तुकडा लावला आणि पुढच्या प्रिंटमध्ये आजीच्या नथीतले मोतीसुद्धा मोजता आले!