घोड्याला धनुर्वाताची लस

मागच्या महिन्यात एक घोडेवाले गृहस्थ तळपायात खिळा घुसला म्हणून दवाखान्यात आले. धनुर्वाताचे इंजेक्शन देताना सहज विचारले, "घोड्याला दिले आहे का?" ते हसले. "जनावराला कशाला, डॉक्टरसाहेब?"

मी माणसांचा डॉक्टर, तरी उत्तर देणे भाग आहे. धनुर्वाताचे जंतू मातीत व लिदीत असतात, आणि पाळीव जनावरांत या रोगाला सर्वांत लवकर बळी पडतो तो घोडाच. (याच घोड्याच्या रक्तातून सीरम काढून आपण माणसे वाचवली!) नाल ठोकताना चुकलेला खिळा, खुरात गेलेली काच, शिंगराची ओली नाळ, एवढे पुरते. मग कान ताठतात, जबडा मिटतो, डोळ्यावर आतला पडदा सरकतो, पाय लाकडासारखे होतात. जखम तोवर कधी भरूनही गेलेली असते. उपचार करूनही बरीच जनावरे दगावतात.

लस साधी आहे. प्रथम चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा, पुढे दरवर्षी एक. गाभण घोडीला विण्याच्या महिना-दीड महिना आधी दिल्यास चिकातून शिंगराला संरक्षण मिळते. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेताना दात पाहतो तशी लसीचीही चौकशी करावी. कागद नसेल तर दिलेली नाही असेच धरावे. रेबीजची लसही पशुवैद्यकांकडून दरवर्षी टोचून घ्यावी.

मालकाने स्वतः दर दहा वर्षांनी मात्रा घ्यावी. जखम मळकी असेल तर पाच वर्षांनंतरही.

त्या गृहस्थांच्या केसपेपरमागे मी घोड्याचीही तारीख लिहून दिली.