समुद्राला कामाला लावणारे अभियंते

तारकर्लीहून दक्षिणेकडे निघालेला रस्ता देवबागला संपतो. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्लीची खाडी आणि मधे माडांची, घरांची, न्याहारी-निवासांची चिंचोळी पट्टी. टोकाला संगम, पलीकडे भोगवे आणि निवती. ही सगळी पट्टी वाळूची आहे. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नदीने ती आणली आणि लाटांनी रचली. संगमाजवळच्या ज्या बेटाला आता सगळे 'त्सुनामी आयलंड' म्हणतात, तेही वाळूचंच आहे.

पावसाळ्यात उधाणाच्या लाटा किनाऱ्याची वाळू ओढून आत नेतात आणि थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा उंचवटा करतात. पाऊस सरला की शांत लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून पुळण भरतात. हा वार्षिक हिशेब जुळला तर किनारा जागेवर राहतो. तो चुकला की माड मुळासकट कोसळतात आणि पाणी अंगणाला भिडतं. मग गाव मागणी करतं आणि अंदाजपत्रकात 'धूपप्रतिबंधक बंधारा' येतो, म्हणजे किनाऱ्यालगत रचलेले मोठमोठे दगड. या मागणीत काहीही चूक नाही. ज्याच्या दारात लाट येते त्याला संशोधन पुरं होईपर्यंत थांबा असं कुठल्या तोंडाने सांगायचं? देवबागसारख्या ठिकाणी दगडांनी घरं वाचवली आहेत, हे आधी मान्य करायला हवं.

पण दगडाचं गणित अभियंत्याला ठाऊक असतं. लाट वाळूच्या उतारावर चढते तेव्हा तिचा जोर चढता चढता संपतो. तीच लाट दगडी भिंतीवर आदळली की जोर शिल्लक ठेवून माघारी फिरते आणि भिंतीच्या पायथ्याची वाळू उकरते. पायथा खचला की दगड खाली बसतात आणि पुन्हा भर घालावी लागते. भिंत जिथे संपते तिथे तर लाटा शेजारच्या मोकळ्या किनाऱ्याला अधिकच कुरतडतात, आणि पुढच्या वर्षी पुढच्या वाडीची मागणी येते. असा बंधारा जमीन धरून ठेवतो, पण तिच्यापुढची पुळण हळूहळू घालवू शकतो. रापणकरांना, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांना, मात्र पुळणच लागते. जाळं ओढायचं, होड्या वर घ्यायच्या, मासळी वाटायची ती तिथेच. पर्यटक येतात तेही पुळणीसाठी.

मला अभियंत्याच्या सर्जनशीलतेबद्दल लिहायचं आहे, आणि त्यासाठी देवबागइतकी चांगली जागा मला दुसरी दिसत नाही. अभियांत्रिकीत सर्जनशीलता म्हटलं की लोकांना नवं यंत्र, देखणा पूल किंवा मोबाइलवरचं ॲप आठवतं. माझ्या मते तिची सुरुवात त्याच्या कितीतरी आधी, प्रश्न मांडण्यातच होते. 'समुद्र अडवायचा कसा?' या प्रश्नाचं उत्तर दगड हेच येतं. 'वाळू इथे थांबेल कशाने?' असं विचारलं, तर दहा वेगळी उत्तरं सुचू लागतात. दुसरा प्रश्न विचारण्याची सवय ज्याला लागते त्याचीच या व्यवसायात खरी वाढ होते, असं मला आपल्याच अभियंत्यांचा इतिहास वाचून वाटतं.

देवबागहून थोडं उत्तरेला, मालवणसमोर सिंधुदुर्ग उभा आहे. 1664 ते 1667 या काळात कुरटे बेटावर तो उभारला गेला. त्याच्या बांधणीचा मान हिरोजी इंदुलकरांना दिला जातो. रायगडावर ज्यांचा शिलालेख आहे तेच हे हिरोजी. तटाची लांबी सुमारे तीन किलोमीटर, आणि तो सरळ न जाता बेटाच्या कडेने नागमोडी वळत जातो. पायात शिसं ओतल्याची हकीकत आपण सगळे ऐकतो, पण मला जागेची निवड त्याहून मोठी वाटते. मालवणच्या समुद्रात पाण्याखाली खडकांची गर्दी आहे. वाट माहीत नसलेल्या जहाजाला तिथे शिरणं धोक्याचं. म्हणजे किल्ल्याची पहिली तटबंदी समुद्राने आधीच घालून ठेवली होती. ती ओळखली ती या किनाऱ्यावर रोज होडी घालणाऱ्या माणसांच्या माहितीला मोल देणाऱ्यांनी.

हीच नजर सुमारे सव्वादोनशे वर्षांनी एका तरुण सरकारी अभियंत्याकडे दिसते. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून 1883 मध्ये पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले आणि पुढच्या वर्षी मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले. सिंधमधलं सक्कर तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं. सिंधू नदीचं गढूळ पाणी शहराला स्वच्छ करून द्यायचं होतं आणि गाळणी केंद्र बांधायला पालिकेकडे पैसा नव्हता. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर घेतली. पात्रातल्या वाळूतून झिरपत पाणी विहिरीत आलं ते गाळूनच. गाळणी निसर्गाने तयार ठेवलेलीच होती, तिच्याकडे गाळणी म्हणून पाहणारा माणूस तेवढा हवा होता.

पुढे खडकवासल्याला अडचण वेगळी होती. पावसाळ्यात धरण भरलं की जादा पाणी सांडव्यावरून वाहून जाई, आणि उन्हाळ्यात पाण्याची ओढ. साठा वाढवायचा तर दगडी धरणाची उंची वाढवणं हे पुस्तकी उत्तर. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दारं बसवण्याची योजना केली. पाणी ठरलेल्या पातळीपर्यंत दारं मिटलेली राहत. पातळी त्यावर गेली की पाण्याच्याच जोरावर दारं उघडत आणि पूर ओसरला की आपोआप मिटत. मूळ धरण न वाढवता सुमारे आठ फूट जादा पाणी राहू लागलं. ही दारं 1903 मध्ये बसवली गेली आणि त्यांनी त्या रचनेचं पेटंट घेतलं. धोका निर्माण करणारं पाणीच इथे राखणदार झालं.

व्यावसायिक वाढ म्हणतात ती इथे स्पष्ट दिसते. मुंबई इलाख्यात सर्वोच्च पदाचा रस्ता भारतीयांना बंदच होता. 1908 मध्ये विश्वेश्वरय्यांनी स्वेच्छेने निवृत्ती घेतली. 1909 मध्ये म्हैसूरने त्यांना मुख्य अभियंता म्हणून बोलावलं आणि 1912 मध्ये दिवाण केलं. एकामागून एक जागी त्यांनी वेगळा विचार करून, तो बांधून, चालवून दाखवला होता, आणि ती कामगिरी त्यांच्याआधी म्हैसूरला पोचली होती. बढती वयाने आणि ज्येष्ठतेनेही मिळते. पण लोक आपणहून अधिक अवघड प्रश्न तुमच्याकडे घेऊन येऊ लागले, की ती वाढ वेगळ्या प्रतीची असते.

ई. श्रीधरन यांचं उदाहरणही याच जातीचं आहे. डिसेंबर 1964 च्या चक्रीवादळात रामेश्वरमच्या पांबन पुलाचे बहुतेक गर्डर समुद्रात गेले. दुरुस्तीला सहा महिने धरले होते, वरिष्ठांनी तीन सांगितले. बत्तीस वर्षांच्या श्रीधरन यांना मच्छीमारांकडून कळलं की वाहून गेलेले गर्डर समुद्राच्या तळाशी पडलेले आहेत. नवे गर्डर घडवण्याची वाट न पाहता त्यांनी तेच वर काढून पुन्हा चढवले आणि पूल 46 दिवसांत उभा केला. हेच श्रीधरन 1990 मध्ये कोकण रेल्वेचे प्रमुख झाले. रत्नागिरीजवळच्या पानवल दरीवरचा 64 मीटर उंचीच्या खांबांचा पूल त्या काळातला. तिथे दरीत परांची न उभारता पुलाचा तुळईभाग एका टोकाला ओतून टप्प्याटप्प्याने पुढे ढकलत नेला. 1999 पासून भरलेले ट्रक मालगाडीवर चढवून नेण्याची सोयही याच रेल्वेने सुरू केली. रस्त्याने जाणाऱ्या मालासाठी रेल्वेने भांडावं कशाला, ट्रकच रेल्वेवर घेऊ, हा त्यामागचा विचार.

किनाऱ्याच्या बाबतीत जगही याच दिशेला वळलं आहे. नेदरलँड्सने 2011 मध्ये हेग शहराजवळच्या किनाऱ्यावर सुमारे 2 कोटी 15 लाख घनमीटर वाळू एकाच जागी ओतली आणि ती पसरवण्याचं काम लाटा-वाऱ्यावर सोपवलं. आपल्याकडे पुदुच्चेरीत बंदराच्या बांधकामानंतर शहरापुढची पुळण नाहीशी झाली होती. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने तिथे पाण्याखाली पाचरीच्या आकाराचा पोलादी अडथळा बसवला आणि वाळूची भर घातली. लाट किनाऱ्याला पोचण्याआधीच मंदावू लागली आणि पुळण परतली. यातलं काहीही देवबागला जसंच्या तसं चालणार नाही, कारण इथे खाडीचं मुख आहे, पावसाळ्यात नदीचा लोंढा आहे, आणि दोन्ही बाजूंनी पाणी आहे. खाडीतून उपसलेली वाळू समुद्राकडच्या पुळणीच्याच खात्यातून जाते, हाही हिशेब इथे मांडावा लागेल. पण लाटांची प्रारूपं बांधून तपासण्याची सोय आपल्याच राज्यात आहे. 1916 पासून काम करणारं केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आज खडकवासल्यालाच आहे, विश्वेश्वरय्यांनी दारं बसवली त्या धरणाशेजारी.

मग अडतं कुठे? मला वाटतं, दरसूचीत. दगडाचा दर दरसूचीत असतो, वाहतुकीचा असतो, रचण्याचा असतो. मोजमाप पुस्तिकेत घनमीटर लिहिता येतात. वाळू थांबण्याचा दर कुठे लिहिलेला नाही. वेगळी रचना सुचवणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याला लेखापरीक्षणाची धास्ती असते. दगड खचले तर समुद्राला दोष जातो, नवी कल्पना फसली तर त्याच्या सहीला. हा अन्याय आहे आणि तो वरच्यांनी दूर करायला हवा. प्रत्येक मोठ्या बंधाऱ्याबरोबर थोड्या लांबीचा प्रयोग आणि त्याच्या मोजणीचा खर्च मंजूर करणं शक्य आहे. फसलेल्या प्रयोगाची नोंदही कामाची असते, हे खात्याने लेखी मान्य केलं तर कितीतरी तरुणांचे हात मोकळे होतील.

तोवर तरुणांनी मात्र थांबू नये. मालवणला शासकीय तंत्रनिकेतन आहे. तिथल्या मुलांना देवबाग हाकेच्या अंतरावर. किनाऱ्याचा उतार मोजायला महागडं उपकरण लागत नाही. के. ओ. एमरी या समुद्रवैज्ञानिकाने 1961 मध्ये दोन काठ्यांची पद्धत मांडली. सारख्या उंचीच्या, खुणा केलेल्या दोन काठ्या ठरावीक अंतरावर उभ्या धरायच्या. जमिनीकडच्या काठीपाशी उभं राहून समुद्राकडच्या काठीचं टोक क्षितिजाच्या रेषेत धरायचं. ती रेषा आपल्या काठीला टोकापासून जितकी खाली छेदते तितका त्या अंतरात उतार. काठ्या पुढे सरकवत पाण्यापर्यंत जायचं. दर महिन्याला त्याच जागेवरून, ओहोटीला मोजायचं आणि कागदावर मांडायचं. बंधारा आहे तिथे, तो संपतो तिथे आणि तो नाहीच तिथे, अशा तीन जागा घेतल्या तर दोन पावसाळ्यांत वाळू कुठून कुठे जाते याचं चित्र दिसू लागेल.

सोबत रापणकरांना विचारायचं: जाळं पूर्वी कुठे लागायचं, आता कुठे लागतं, कुठल्या वाऱ्याला वाळू येते, कुठल्या वाऱ्याला जाते. ही माहिती तारखेनिशी वहीत उतरवायची. सरकारच्या पतन (बंदरे) विभागात पुढच्या बंधाऱ्याचं अंदाजपत्रक तयार होईल तेव्हा ती वही टेबलावर ठेवता आली पाहिजे, आणि ठेवणाऱ्याला तिच्यातल्या प्रत्येक आकड्याचं उत्तर देता आलं पाहिजे.