नळीचे पोलाद : गंज, झीज आणि निवड

उमरीचे नाव घेतले की आपल्याकडे आधी ३० जानेवारी १९४८ ही तारीख आठवते. हैदराबाद मुक्तिसंग्रामातील सैनिकांनी त्या दिवशी येथील बँक लुटली. त्या काळच्या बंदुकांच्या गोष्टी आपण ऐकतो. बंदुकीच्या नळीबद्दल मात्र कोणी बोलत नाही. खरे तर बंदुकीचे आयुष्य नळी ठरवते आणि नळीचे आयुष्य तिचे पोलाद.

नळीचे शत्रू दोन : गंज आणि झीज. त्या काळी लष्करात व पोलिसांत रुळलेली रायफल म्हणजे थ्री-नॉट-थ्री. तिच्या जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाला की त्याचे क्षार नळीत उरत. हे क्षार मिठासारखेच. हवेतला ओलावा ओढून घेतात. तेलाने ते विरघळत नाहीत, पाण्याने विरघळतात. म्हणूनच शिपाई आधी नळीत उकळते पाणी ओतीत, ती कोरडी करीत आणि मग तेल लावीत.

दुसरा शत्रू उष्णता. जळत्या दारूचा तप्त वायू काडतुसाच्या घराला लागून असलेला नळीचा भाग प्रत्येक बाराला थोडा थोडा खातो. त्यावर बारीक भेगांची जाळी पडते, गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांच्या कडा बोथट होतात आणि नेम पांगू लागतो. सुरुवातीच्या कॉर्डाइट दारूत ५८ टक्के नायट्रोग्लिसरिन होते. ती इतकी तापे की नळ्या लवकर झिजत. पुढे हे प्रमाण ३० टक्क्यांवर आणावे लागले.

याच झिजेवर उपाय शोधताना इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये सुमारे १२.८ टक्के क्रोमियमचे पोलाद ओतले. तपासणीसाठी लावलेले आम्ल त्याला नीट खाईना. ब्रिअर्लींना त्यात नळीपेक्षा चाकू-सुऱ्या दिसल्या. आपल्या मांडणीवरच्या स्टीलच्या डब्यांचे गोत्र असे बंदुकीच्या नळीपर्यंत जाते.

पण डब्याचे स्टील आणि नळीचे स्टील एक नव्हे. चांगल्या भांड्यात साधारण १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. त्याला लोहचुंबक जवळपास चिकटत नाही आणि पाणी देऊन ते कठीण करता येत नाही. नळीसाठी वापरतात ते ४१६ जातीचे स्टेनलेस. त्यात १२ ते १४ टक्के क्रोमियम आणि थोडे गंधक असते. ते पाणी घेते आणि त्याला चुंबकही चिकटतो. गंधकामुळे ते लेथवर सुरेख कापले जाते व आतला पृष्ठभाग गुळगुळीत होतो. मात्र कडाक्याच्या थंडीत तेच गंधक त्याला थोडे ठिसूळ करते.

क्रोम-मॉली म्हणजे ४१४० सारखे पोलाद : कार्बन ०.४ टक्के, क्रोमियम सुमारे १ टक्का, मॉलिब्डेनम ०.२ टक्के. हे चिवट, तुलनेने स्वस्त आणि घण सोसणारे. लष्करी नळ्या बहुधा याच जातीच्या पोलादाच्या; अनेकदा आतून क्रोमियमचा कठीण मुलामा दिलेल्या. मुलाम्याने गंज आणि झीज दोन्ही रोखली जातात, पण त्याची जाडी सर्वत्र केसाइतकीही सारखी नसेल तर नेम थोडा बिघडतो. म्हणून स्पर्धेच्या नळीला सहसा मुलामा नसतो.

मग निवडावे काय? कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले आणि खेड्यापाड्यांतल्या घरांतही हा प्रश्न येऊ लागला. त्या स्पर्धेत दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे असते. तेथे .२२ ची शिशाची गोळी असते, दारू थोडी, उष्णता कमी. त्यामुळे झीज हा मुद्दाच जवळपास उरत नाही. दोन्ही पोलादे चालतात. नळी आतून किती एकसारखी आहे आणि काडतुसांची कोणती खेप तिला मानवते, हे जास्त मोलाचे. पालकांनी पोलादाच्या नावासाठी जादा पैसे मोजण्याआधी त्याच पैशांत सरावाची किती काडतुसे येतील, याचा हिशेब करावा.

मोठ्या बोअरच्या, सलग बार काढणाऱ्या स्पर्धेच्या रायफलीला स्टेनलेस शोभते. रानात, पावसात, धक्के खात वापरायच्या रायफलीला क्रोम-मॉली पुरते. अट एकच, रोज तेलाचा हात फिरला पाहिजे.

आणि स्टेनलेस गंजतच नाही, हा भ्रम सोडावा. १२ टक्क्यांचे क्रोमियम घामाच्या मिठापुढे हार खाते आणि बारीक खड्डे पडतात. आपल्याकडे निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात व आठवडेच्या आठवडे तेथे राहतात. जमा करण्याआधी नळी पुसून, कोरडी करून, आतून-बाहेरून तेल लावावे. ओलावा धरणाऱ्या चामड्याच्या म्यानात ती ठेवू नये. परत आणल्यावर पहिला बार काढण्यापूर्वी बंदूक रिकामी असल्याची खात्री करून नळीतले तेल पुसावे आणि ती आरपार मोकळी आहे ना, हे पाहावे.

पोलाद कोणतेही घ्या. राखणाऱ्याचा हात त्याच्याहून मोठा.